बातमी ‘शॉर्ट सर्किट’पाशी थांबू नये

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

घराला आग लागली की बातमीतली शेवटची ओळ ठरलेली असते: ‘शॉर्ट सर्किटमुळे आग लागल्याचा प्राथमिक अंदाज.’ तिथे बातमी संपते. माझं उभं आयुष्य नाशिकमधल्या अंबडच्या कारखान्यांत इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला गेलं. आता सिडकोतल्या आमच्या गल्लीत ‘काका, जरा बोर्ड बघता का’ म्हणून लोक बोलावतात. त्या भरवशावर सांगतो, शॉर्ट सर्किट आभाळातून पडत नाही. त्याआधी कित्येक महिने घरात खुणा दिसत असतात. लोकांना त्या दिसत नाहीत असंही नाही. दिसतात, आणि लोक त्यांचं तोंड बंद करतात. म्हणून विनंती अशी, की आपल्या प्रतिनिधींनी अशा ठिकाणी आणखी दोन-तीन गोष्टी विचाराव्यात. अर्थिंग, म्हणजे गळणारा करंट जमिनीत नेणारी तार, होतं का? लिकेजला पडणारा, म्हणजे करंट गळायला लागला की आपोआप लाइट घालवणारा, ब्रेकर होता का? असला तर चालू होता की काढून ठेवला होता?

तोंड बंद करतात म्हणजे काय, ते सांगतो. गेल्या थंडीत एका घरी गेलो. गिझर चालू असला की नळाला हात लावल्यावर मुंग्या येतात, अशी तक्रार. ‘‘शॉक नाही हो भाऊ, नुसत्या झिणझिण्या,’’ वहिनी म्हणाल्या. त्यावरचा घरगुती तोडगा म्हणजे बाथरूममध्ये रबरी चप्पल आणि प्लॅस्टिकचा पाट! गिझरची कॉइल फुटून पाण्यात करंट उतरत होता. अर्थिंग धड असतं तर तो परस्पर जमिनीत गेला असता. अर्थिंगची तार शोधत गेलो, तर ती नळाच्या जुन्या लोखंडी पाइपला बांधलेली. पूर्वी असं सर्रास करत. मधल्या काळात घराचं काम निघालं, बाहेरून येणारा लोखंडी पाइप काढून प्लॅस्टिकचा टाकला, आणि घराचं अर्थिंग त्या दिवशीच गेलं. आतले पाइप मात्र लोखंडीच राहिले, म्हणून गिझरचा करंट थेट नळापर्यंत. टाइल्स नव्या, नळ चकचकीत, प्लंबरचंही काही चुकलं नाही. त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

‘पण आमच्याकडे एमसीबी आहे ना?’ हा प्रश्न हमखास येतो. एमसीबी म्हणजे लोड फार वाढला किंवा शॉर्ट झालं की पडणारा स्विच. तो वायरीला वाचवतो, माणसाला नाही. शंभर वॅटचा साधा पिवळा बल्ब चारशे मिलीअँपिअरच्या वर करंट घेतो. माणसाचं हृदय बंद पडायला याच्या चौथाई करंटही पुरतो. सोळा अँपिअरचा एमसीबी एवढ्याशा करंटने जागचा हलत नाही. माणसासाठी असतो तो आरसीसीबी, म्हणजे वर म्हटलेला लिकेजला पडणारा ब्रेकर, आपल्याकडे बरेच जण त्याला ईएलसीबीच म्हणतात. फेजमधून, म्हणजे वीज आणणाऱ्या तारेतून, गेलेला करंट न्यूट्रलमधून, म्हणजे परतीच्या तारेतून, तेवढाच परत येतो का, हे तो सतत बघत असतो. फरक तीस मिलीअँपिअरवर गेला की क्षणार्धात लाइट घालवतो. एका बोटात फेज आणि दुसऱ्यात न्यूट्रल धरलं, तर मात्र तोही वाचवू शकत नाही. त्यावर ‘टी’ अक्षराचं एक बटण असतं, महिन्यातून एकदा दाबून बघायचं. दाबल्यावर लाइट गेली पाहिजे.

आता आपल्याकडे काय होतं? पावसाळ्यात भिंत ओली झाली, कुठेतरी करंट गळायला लागला, की हा ब्रेकर सारखा पडायला लागतो. घरातले वैतागतात. वायरमन येतो, ब्रेकर ‘खराब’ ठरवतो आणि तो वगळून वायर डायरेक्ट करून देतो. लाइट पुन्हा जात नाही, सगळे खूश. पंचवटीतल्या आणि जुन्या नाशकातल्या वाड्यांत तर मातीच्या भिंती, लाकडी पट्टीवरचं जुनं वायरिंग आणि फ्यूजमध्ये मिळेल ती तांब्याची तार. ज्या शहराच्या कारखान्यांत स्विचगिअर आणि पॅनेल, म्हणजे वीज सांभाळणारी साधनंच, बनतात, त्या शहरातली ही गोष्ट. ब्रेकरची किंमत बऱ्यापैकी मिक्सरएवढीसुद्धा नसते.

तिसरी पिन हा आणखी एक बळी. थ्री-पिन प्लगची वरची पिन जाड आणि लांब असते, ती उगाच नाही. प्लग लावताना अर्थिंग सगळ्यांच्या आधी जोडलं जावं आणि काढताना सगळ्यांत शेवटी सुटावं, यासाठी ती तशी केलेली आहे. बोर्डात बसत नाही म्हणून लोक तीच तोडतात. त्याहून वाईट म्हणजे, अर्थिंग नसलेल्या घरात सॉकेटमध्येच न्यूट्रलची तार अर्थिंगच्या भोकाला जोडून देणारे कारागीर मी पाहिले आहेत. पुढे कुठे न्यूट्रल तुटला, की फ्रिज आणि वॉशिंग मशीनच्या अंगावर थेट फेज येतो.

सिडकोच्या घरांचं दुखणं वेगळं. एका खोलीचं घर होतं, त्यावर मजले चढले, भाडेकरू आले, पण वायर तीच आणि ओढणारे चौपट. दोन हजार वॅटचा गिझर जवळजवळ नऊ अँपिअर घेतो. तो कन्व्हर्टर, म्हणजे मोठा प्लग लहान सॉकेटात बसवणारा जोड, लावून सहा अँपिअरच्या सॉकेटवर चालवला, की सॉकेट आतून भाजायला लागतं. आधी भोकाभोवती तपकिरी कड येते, मग प्लग काढला की पिना चटका देतात, आणि शेवटी जळक्या प्लॅस्टिकचा किंवा सुकट भाजल्यासारखा वास येतो. सगळं घर शोधतं, कोणी ओट्याखाली बघतं, कोणी कचऱ्याच्या डब्यात. वास असतो बोर्डाचा. तशा वेळी मेन बंद करायचा आणि जाणता माणूस बोलवायचा, टेप गुंडाळत बसायचं नाही. घरातले काही दिवे मंद आणि काही एकदम प्रखर होत असतील तर न्यूट्रल सैल आहे असं समजा. टीव्ही-फ्रिजचे प्लग काढा आणि लगेच १९१२ वर महावितरणला कळवा. काही गल्ल्यांत तर गॅलरीतून हात लांब केला की विजेच्या तारा येतात. तिथे लोखंडी दांडीने कपडे वाळत घालू नका, हे घरोघरी सांगायला हवं.

गंगापूर रोड, कॉलेज रोडकडच्या खोल्यांतल्या मुलांना एकच सांगणं. रॉड बादलीत असताना पाणी किती तापलं ते बोटाने बघू नका, आधी प्लग काढा. आणि बादली स्टीलची किंवा लोखंडी नको.

वीजजोडणी घेताना परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट लागतो. त्यानंतर वीस-पंचवीस वर्षं त्या वायरिंगला कोणी मेगर, म्हणजे वायरीचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र, लावत नाही. सोसायट्यांच्या वार्षिक सभेत रंगकामावर आणि पार्किंगवर तासन् तास भांडणं होतात. यंदा पावसाळ्याआधीच्या सभेत मेगर टेस्ट आणि अर्थिंगची तपासणी हा विषय घ्यावा. अर्थिंग जिथे जमिनीत पुरलेलं असतं त्या खड्ड्यावर फरशी बसवली असेल तर ती काढावी, उन्हाळ्यात तिथे पाणी घालावं लागतं. आणि मीटररूममध्ये ठेवलेल्या जुन्या सायकली, रद्दी आणि रंगाचे डबे त्याच दिवशी बाहेर काढावेत.

आपला,
एक निवृत्त इलेक्ट्रिशियन,
सिडको, नाशिक