ती चिखलाची वही

प्रिय दिन्या,

सात महिने तुला एक ओळ लिहिली नाही. हवं तेवढं रागव, पण पत्र शेवटपर्यंत वाच. माझा गुडघा बराय, हिला चष्मा लागलाय, बाकी ठीक.

तळं भरलं रे. भराव उपसला, जलपर्णी काढली, काठाला पाणकणीस लावलं, हिवाळ्यात बदकंही उतरली. मग परवा रात्री पाऊस कोसळला. वरच्या सोसायट्यांत पहिल्यांदाच पाणी शिरलं नाही. खालच्या वस्तीत मात्र कमरेएवढं चढलं.

का, ते तुला लगेच कळेल. वस्तीचं पाणी पूर्वी उतारावरून पसरत दलदलीत जायचं. आता मधे पाळ आहे, तिच्यावर फिरायची वाट आणि खालून दोन पाइप. त्यात तळं छान दिसावं म्हणून पावसाळ्याआधीच काठोकाठ भरून ठेवलेलं. पाइपांची तोंडं बुडाली आणि तळंच उलटं वस्तीत शिरलं. झडप बसवली असती तर तळं आत आलं नसतं, खरंय, पण मग वस्तीवर पडलेला पाऊस जाणार कुठे? पाणथळ पूर पोटात घेते, पण पोट रिकामं असेल तरच. आपण हे कितीदा बोललोय! आणि त्या आराखड्यावर माझी सही आहे, दिन्या.

सकाळी गेलो. कोपऱ्यावरच्या आजींच्या आतल्या भिंतीवर कोळशाच्या रेघा आहेत, दर पुराची एक. आजवरच्या सगळ्या माझ्या गुडघ्याखाली. यंदाची दाराच्या कडीच्या वर, अजून ओली. दोरीवर नातवाच्या वह्या वाळत होत्या. आजी ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "साहेब, पुढच्या वर्षी याच्याही वर जाईल का?" एवढंच विचारलं त्यांनी.

आपलं ते भांडण आठवतं? ध्रुवज्योती घोषांवरून तू पेटला होतास. कोलकात्याचं सांडपाणी जातं कुठे हे शोधत निघालेला इंजिनिअर पूर्वेच्या पाणथळीत पोचला आणि तिथल्या मासेवाल्यांकडून शिकला. ऊन आणि शेवाळ पाणी साफ करतं, त्याच पाण्यावर माणसं मासे नि भाजी पिकवतात. २००२ साली ती १२,५०० हेक्टर जागा रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत गेली, ती काही माणसं हाकलून नव्हे. तू म्हणालास, काठची माणसं गेली तर पाणी सांभाळणार कोण? मी म्हणालो, आधी पाणी, मग माणसं. तू माझी वही तळ्यात भिरकावलीस आणि स्वतःच चिखलात उतरून काढलीस. नाना अजून तुझ्या त्या चालण्याची नक्कल करतात, पोट धरून हसतो आम्ही.

शुक्रवारी बैठक आहे. पाळ दोन ठिकाणी तोडा, तिथे पूल टाका, पावसाआधी तळ्याची पातळी उतरवा, हे मी मांडणार. पण झोप उडालीय ती वेगळ्याच भीतीनं. वस्तीत पूर येतो असं माझ्या सहीनं लिहिलं गेलं, की उत्तर तयार आहे: जागा धोक्याची, वस्ती हलवा. वरच्या सोसायट्यांतही पूर यायचा. त्यांना हलवा असं कुणी म्हणालं नाही, त्यांच्यासाठी तळं उपसलं. यांना मात्र लांब कुठेतरी नेऊन टाकतील. कामं सुटतील, पोरांच्या शाळा सुटतील. गप्प राहिलो तर पुढचा पाऊस आहेच. बोललो तर माझीच कबुली त्यांच्या दारावर नोटीस होऊन चिकटेल.

म्हणून पूर जागेमुळे नाही, पाळीमुळे आला हे आकड्यांनी दाखवायचंय. आजींच्या रेघा आहेत, पण बैठकीत कोळशाला कोण विचारतो? कामाआधीच्या पातळ्या त्याच वहीत आहेत, आणि वही तुझ्याकडे राहिलीय.

तुझी बदली झाली का? पोरीचा निकाल काय लागला? ताईंना नमस्कार सांग. सगळं सविस्तर नंतर, शप्पथ.

माळ्यावरची पेटी उघड आणि गुरुवारपर्यंत पानांचे फोटो पाठव. शाई पसरली असेल, पण पातळ्या आपण पेन्सिलीनं लिहिल्या होत्या.

तुझा,
सुध्या