आजीची गोष्ट आणि पुस्तकातली गोष्ट

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

ट्रंक पोचली. कडी वाकडी झालीय, पण कुलूप शाबूत आणि आतली पुस्तकं जशीच्या तशी. "माळ्यावरची पुस्तकं रद्दीत घालू का?" असं बाबांनी विचारलं तेव्हा मी फोनवर जवळजवळ ओरडलेच होते. या पत्रात त्या ट्रंकेशिवाय दुसरा विषय नाही. खरं तर हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर मुलं मध्ये मध्ये तोंड घालतात आणि आईला जे विचारायचंय ते त्यांच्यादेखत विचारण्यासारखं नाही.

आधी बाबांसाठी पुस्तकांच्या तब्येतीचा अहवाल. तुम्ही बांधलेली सगळी पुस्तकं धडधाकट आहेत. अबरी कागद विटलाय, पण पाठ एकाचीही सुटलेली नाही. ज्या पानांना कुणीतरी घाईघाईत चिकटपट्टी लावली होती तिथली पट्टी कधीच गळून पडलीय आणि खाली तिचा तपकिरी डाग तेवढा उरलाय. तुमच्या खळीनं जोडलेल्या पानांवर हात फिरवला तरी जोड कळत नाही. खळीला कसर लागते म्हणतात, त्या किड्यांना पिठूळ पदार्थच हवा असतो. तुमच्या पुस्तकांना ती लागली नाही याचं श्रेय मी मोरचुदाला देते. ती निळी पूड चिमूटभर खळीत टाकताना तुम्ही आम्हाला भांड्याच्या आसपास फिरकू द्यायचा नाहीत. न बांधलेल्या काही पुस्तकांत मात्र बारीक चंदेरी किडे निघाले. ती पुस्तकं मी पिशवीत हवाबंद करून फ्रीजरमध्ये ठेवली. हसू नका, संग्रहालयांतही कीड अशीच गोठवून मारतात. फक्त बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, नाहीतर थंड कागदावर दव धरतं.

पानं जुनी झाली म्हणून पिवळी पडली, असं मी मुलांना सांगून मोकळी झाले होते. लेकीला ते पटलं नाही, कारण त्याच वर्षी छापलेलं दुसरं एक पुस्तक अजून पांढरं आहे. मग शोधाशोध केली. स्वस्त कागदात लाकडातलं लिग्निन तसंच राहून जातं आणि उजेड-हवा लागली की ते पिवळं पडत जातं. चांगल्या कागदातून ते आधीच काढून टाकलेलं असतं. जुन्या पुस्तकांचा तो गोडसर वासही कागदाचं असं हळूहळू विघटन होताना येतो. म्हणजे नाक खुपसून आपण जो वास घ्यायचो तो पुस्तक संपत चालल्याचा होता. लेकीला ही माहिती फार आवडली. मला तितकीशी नाही.

मुलांची पहिली धाड पडली ती भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेवर. बनेश संकटात सापडला की लेक विचारते, "पण तो फोन का करत नाही?" तेव्हा खिशात फोन नसायचे हे तिला माहीत आहे. पण माहीत असणं वेगळं आणि ऐन पाठलागात ते पटणं वेगळं. शेवटी तिनंच निकाल दिला की फोन असता तर गोष्ट चार पानांत आटोपली असती, तेव्हा नव्हता तेच बरं. धाकट्यानं पुस्तकातून फक्त "टॉक्!" एवढंच उचललंय आणि तो घरभर नसलेली सायकल दामटत फिरतोय.

सगळंच मात्र टिकलेलं नाही, हेही लिहायला हवं. ट्रंकेतल्या कितीतरी गोष्टींत जाड मुलगा दिसला की तो खादाड आणि बावळट असणारच. चोर काळाकभिन्न, तोंडावर देवीचे व्रण. मुली एक तर रडतात, नाहीतर भाऊ कधी येतोय म्हणून दाराशी उभ्या. लहानपणी मला यातलं काही म्हणता काही खुपलं नव्हतं. एके रात्री वाचता वाचता मी असलाच एक परिच्छेद सफाईनं गाळला, तर लेक खांद्यावरून बघत होती. "आई, तू ओळी सोडल्यास." मग त्या ओळी वाचल्या, त्यावर यथेच्छ भांडलो आणि पुढे गेलो. तेव्हापासून घरात नियम झाला: छापलंय ते सगळं वाचायचं, नाही आवडलं तर थांबून बोलायचं. हा नियम मी मोठ्या तोऱ्यात केला होता. आई, त्यावर पाणी तूच फिरवलंस.

ते बिनमुखपृष्ठाचं पुस्तक आठवतंय ना? बाबांनी बांधायला घेतलं तेव्हाच त्याची पहिली पानं गेलेली होती, त्यामुळे ना नाव कळलं ना लेखक. आपल्या घरात ते "कप्तानाचं पुस्तक". मला स्वतःला वाचता यायला लागलं तशी मी मोठ्यांच्या कपाटाकडे धावले आणि हे लहानांचं म्हणून मागे पडलं. म्हणजे डोळ्यांनी मी ते कधी वाचलंच नव्हतं, फक्त तुझ्या तोंडून ऐकलं होतं. गलबत खडकावर आपटतं, माणसं होड्यांत उतरतात, कप्तानाचा कुत्रा मागेच राहतो. पुढचं मला तोंडपाठ. धुकं दाटलेलं. कप्तान शीळ घालतो, काही नाही. पुन्हा घालतो, काही नाही. तिसऱ्या शिळेला लांबून भुंकणं ऐकू येतं, मग लाटांवर एक काळं नाक दिसतं, आणि होडीत चढल्यावर कुत्रा असं अंग झाडतो की कप्तानाची टोपी भिजून जाते. टोपी भिजली की तू ओल्या हातानं आमच्या तोंडावर पाणी शिंपडायचीस. उशाशी तांब्या त्यासाठीच ठेवलेला असायचा, हे आता लक्षात येतंय.

मुलांना मी हे सगळं आधीच रंगवून सांगितलं होतं. धाकटा वाटीत बोटं बुडवून तयार बसला होता. आणि पुस्तकात कप्तान शीळ घालतो. दोनदा. मग लिहिलंय की त्यानं पुन्हा शीळ घातली नाही. पुढच्या ओळीत बंदर. मी पान उलटलं. मागे आले. एखादं पान गळलं असेल म्हणून आकडे तपासले, तर सलग. बाबांनी बांधलेल्या पुस्तकातलं पान गळणार कुठून!

म्हणजे तिसरी शीळ तुझी. ते काळं नाक तुझं, भिजलेली टोपी तुझी. त्या ओळींवरून बोट फिरवत तू तिथे नसलेल्या ओळी वाचत होतीस, आणि दर वेळी शब्दन् शब्द त्याच. एकदाही चुकली नाहीस. चुकली असतीस तर मी तिथल्या तिथे पकडलं असतं, कारण मलाही त्या पाठ होत्या.

धाकट्यानं भोकाड पसरलं आणि पुस्तक चुकीचं छापलंय असं जाहीर केलं. लेक आधी काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे आजी खोटं वाचायची?" मी धाकट्याला तुझा शेवट सांगत बसले, पाणीबिणी शिंपडलं, आणि लेक पुस्तक घेऊन दुसऱ्या खोलीत गेली, छापलेला शेवट पुन्हा वाचायला. आता घरात कप्तानाच्या गोष्टीला दोन शेवट आहेत आणि दोन पक्ष. लेकीचं म्हणणं, पुस्तकातलाच चांगला, "तो तिसऱ्यांदा शीळ घालत नाही ना, त्यातच सगळं कळतं." वाङ्मय म्हणून तिचं बरोबरच आहे. पण त्या वयात मला तो शेवट झेपला नसता, आणि हे तुला माझ्याआधी ठाऊक होतं. रात्री दिवा मालवल्यावर कितीतरी वेळ मी दचकून जागी व्हायचे ते दिवस तुला आठवत असतील.

मग मी मागचं आठवत गेले. 'श्यामची आई' वाचताना तू असलं काही केलं नाहीस. करणार कसं, तो शेवट तर सगळ्या घरादाराला माहीत. शेवटच्या रात्री जवळ आल्या की तू पुस्तक बाबांच्या हातात द्यायचीस आणि काहीतरी काम आठवून उठायचीस. बाबा आकाशवाणीच्या बातम्यांसारखे एका सुरात वाचायचे आणि मध्येच चष्मा पुसायचे. साने गुरुजींनी हे पुस्तक फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात, पाच दिवसांत लिहिलं, हे बाबा प्रत्येक वेळी सांगायचे. मी मुलांना सांगितलं तर लेकीला तुरुंगापेक्षा पाच दिवसांचंच जास्त नवल वाटलं. आम्ही ते सुरू केलंय. शेवटी कोण वाचणार हे ठरलेलं नाही. ह्यांच्या भरवशावर राहण्यात अर्थ नाही, यांचा आवाज पहिल्याच रात्री बसला.

'किशोर'चे अंक बाबांनी वर्षवार बांधलेत, त्यात तो एक अंक नाही, जो कुणी वाचायला नेला आणि परत दिलाच नाही. नेमका त्यातच चालू कथेचा शेवटचा भाग होता. बाबा, आता ऐका. बालभारतीनं १९७१ मध्ये सुरू केलेल्या या मासिकाचे जुने अंक इंटरनेटवर फुकट वाचायला ठेवलेत. मला तो अंक सापडला. शेवट वाचला. बरा आहे. इतकी वर्षं मी मनात रचून ठेवलेला याहून चढ होता, तेव्हा हा गुण कुठून आलाय हे वेगळं सांगायला नको. लेकीनं ती पानं छापून काढली, टोच्यानं भोकं पाडली आणि अंकात शिवायला घेतली, पण दोरा ओढला की कागदच फाटतोय. भोकं कडेला फार जवळ पडतात का? दोऱ्याला तुम्ही मेण लावायचात ते कशासाठी? खळीचं प्रमाणही कळवा. मोरचुदाचं मात्र तुम्ही आल्यावरच बघू, या दोघांपुढे मला तो घरात नकोय.

माळ्यावर उरलेली पुस्तकं आहेत तिथेच राहू द्यात. येताना थोडी थोडी आणा.

आणि आई, रविवारी लेक तुला फोन करणार आहे. तिनं वहीत प्रश्न लिहून ठेवलेत. पहिला: "पुस्तकात खरं काय आहे ते वाचून तुला रडू आलं होतं का?" दुसरा: "आणखी कुठल्या कुठल्या पुस्तकात असं केलंस?" पहिल्याचं उत्तर तू तिलाच दे. दुसऱ्याचं मात्र मला आधी गुपचूप कळव, कारण निम्मी ट्रंक अजून वाचायची आहे आणि झोपायच्या वेळी मला असले धक्के नकोत. धाकट्याला काही विचारायचं नाहीये. त्याला फक्त तिसरी शीळ ऐकायचीय. मला तुझ्यासारखी शीळ घालता येत नाही, नुसती हवा जाते.

तुमची,
लेक