माळावरच्या बारक्या जिवांसाठी एक वही द्या

प्रति,
मा. वनमंत्री, महाराष्ट्र राज्य

महोदय, स.न.वि.वि.

सोलापूरजवळच्या नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ सालचं. तिथला लांडगा, काळवीट बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावर मोजला जातो. मचाणावरून नाकतोडा कोण मोजणार? आणि माळढोक पक्ष्याचं पोट तर बरंचसं टोळ, नाकतोडे, भुंगेरे यांच्यावर भरतं. पक्षी वाचवायचा, पण त्याच्या ताटात काय आहे ते लिहून ठेवायचं नाही, हे काही पटत नाही.

मृगाचा किडा घ्या. पहिला पाऊस पडला की मातीतून वर येतो, लालभडक, मखमली. आपण किडा म्हणतो खरं, पण पाय आठ, कोळी-गोचिडांच्या गोतातला. थोडे दिवस दिसतो आणि गायब होतो. तेवढ्यात तारीख-जागा टिपली तर टिपली, नाहीतर बसा पुढच्या पावसाची वाट बघत. असले जीव आधी दिसतात ते वनमजुराला नाहीतर मेंढक्याला. त्यांचं कुणी लिहून घेत नाही.

म्हणून मागणी एवढीच: नान्नजला कायमची एक नोंदवही असावी. तारीख, वेळ, नेमकी जागा, गवतात की दगडाखाली, आणि वरून-बाजूने काढलेले फोटो. शेजारी काडेपेटी ठेवली तरी आकार कळतो. नाव ठाऊक नसेल तर रकाना कोरा ठेवावा. ठोकून देऊ नये. कित्येक कोळ्यांची जात सूक्ष्मदर्शकाशिवाय ठरतच नाही. ‘अभयारण्यात प्रथमच दिसला’ म्हणजे ‘जगाला नवा’ नव्हे, हेही वहीच्या पहिल्या पानावर छापा, म्हणजे पेपरवाल्यांचीही सोय होईल. विनापरवाना जीव बाटलीत भरून नेण्याला मात्र सक्त मनाई हवी.

२००२ च्या जैवविविधता कायद्यामुळे गावोगावी लोकजैवविविधता नोंदवह्या, म्हणजे गावातल्या झाडं-प्राण्यांच्या नोंदी, आहेत. नान्नज, मार्डी, वडाळ्याच्या वह्यांशी ही वही जोडावी. अभयारण्य ८,४९६ चौ.किमी.वरून १,२२२ वर आलं, त्यातही शेतं आहेतच. टोळाला बांध कळत नाही.

आणि माळावर झाडं लावायला खड्डे खणण्याआधी वहीतली त्या जागेची पानं कुणीतरी उघडून बघावीत, एवढा आदेश सोबत काढा. वही मृग लागायच्या आत पोचली तर बरं.

आपला,
एक सोलापूरकर