माळेने उतरते ती कावीळ, मग विहिरीचे काय?

महोदय,
आमच्या पेठ तालुक्यात कुणाचे डोळे पिवळे दिसले की आधी काविळीची माळ घालायला नेतात. माझ्या बारावीतल्या पुतण्यालाही नेले. तीन आठवडे पोरगा अंथरुणावर होता. रक्ततपासणीत हिपॅटायटिस ए, म्हणजे विषाणूमुळे यकृताला येणारी सूज, निघाला. हा आजार बहुतेकांचा आपोआप बरा होतो, श्रेय मात्र माळेला जाते.

मैला मिसळलेल्या पाण्यातून हा विषाणू पोटात जातो. सहा वर्षांखालच्या मुलांना बहुधा कावीळ दिसतही नाही, पण त्यांच्याकडून तो पसरत राहतो. खेड्यात तो लहानपणीच होऊन जायचा आणि जन्मभराचे संरक्षण मिळायचे. आता ज्या घरांत नळ, शौचालय आले, तिथली मुले त्यातून सुटतात आणि मोठेपणी लागण झाली की जास्त हाल होतात. लागणीनंतर लक्षणे दिसायला १५ ते ५० दिवस लागतात, तोवर गावाने तेच पाणी प्यालेले असते.

आमच्या विहिरीचा कठडा फुटलाय, ओहोळाचे गढूळ पाणी थेट आत उतरते. टीसीएलचे, म्हणजे पाणी शुद्ध करायच्या ब्लीचिंग पावडरचे, पोते ओल लागून दगड झाले आहे. पावसाळ्याआधी कठडा बांधा, ताजी पावडर आणा, आणि तोवर घरोघरी पाणी उकळूनच प्या.

– एक वाचक, पेठ, जि. नाशिक