घाटावरचे दादा

संपादक महोदय,

गेल्या आठवड्यात आमचे एक मित्र गेले. नदीकाठच्या पेठांत त्यांना सगळे नुसते ‘दादा’ म्हणत. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले तेव्हा ते सात वर्षांचे होते. घरातली भांडीकुंडी, वडिलांचे दुकान, सगळे मुठेने नेले. तरी नदीवर त्यांचा राग नव्हता, जीव होता.

दर गणेशोत्सवात दीड दिवसाच्या विसर्जनापासून अनंत चतुर्दशीपर्यंत ते ओंकारेश्वराजवळच्या घाटावर उभे असत. कोणी निर्माल्य पाण्यात सोडू लागले, की “आजी, द्या इकडे, मी नीट ठेवतो,” म्हणत दोन्ही हात पुढे करायचे. ओंजळीत घ्यायचे, पोत्यात भिरकवायचे नाहीत. लोक त्यांचे ऐकत ते यामुळेच, असे मला आजही वाटते. प्लास्टरची मूर्ती घरी बादलीत अमोनियम बायकार्बोनेटच्या पाण्यात विरघळते आणि वरचे पाणी पातळ करून झाडांना खत म्हणून चालते, हेही त्यांनी आमच्या वाड्यात स्वतः करून दाखवले.

वैकुंठ स्मशानभूमीत निरोप द्यायला फुलवाल्या मावश्या आल्या, कॉलेजची मुले आली. हार मात्र कोणीच आणला नव्हता. वहिनींनी तसे आधीच कळवले होते. तेव्हा मला रडू आवरले नाही.

यंदा घाटावर त्यांच्या जागी आम्ही पाच जण उभे राहणार आहोत. निर्माल्य आणताना त्यातले प्लास्टिक आणि थर्माकोल घरीच काढून ठेवावे, एवढी पुणेकरांना विनंती.

– एक वाचक, शनिवार पेठ, पुणे