नॉब नीट केला, दुर्बीण पाठवते आहे

रविवार, 8 फेब्रुवारी 2026
ता. आर्वी, जि. वर्धा

चि. बेबीस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू अर्धंच बोललीस आणि लाइन तुटली. तू टेकडीवर रेंज शोधत चढतेस तेव्हा मी मशीनवर असते, आणि मला सवड होते तेव्हा तुझी आश्रमशाळा झोपलेली असते. म्हणून पत्रच लिहिते. तसंही हे काम फोनवर सांगण्यासारखं नाही. कोणता स्क्रू किती फिरवायचा हे सांगताना मध्येच "हॅलो, हॅलो" झालं तर तू भलताच स्क्रू पिळून बसशील.

तू म्हणालीस, दुर्बिणीची नळी तेवढी मामासोबत पाठव, तिला धरणारा खालचा सांगाडा भंगारात दे. नळी सरकवायचा त्याचा नॉब फिरवला तर आधी काहीच हलत नाही आणि मग एकदम उडी मारतो. भंगारात दिला नाही. उघडला. तुझे बाबा जागलीला निघाले होते, दारातूनच म्हणाले, "काहून हात घालतं वं त्याच्यात? पोरीची वस्तू हाय." मी म्हटलं, बावीस वर्षं मशीन उघडून बसवते आहे, हेही बसेल. तसं ते लगेच बसलं नाही. दोनदा बिघडवलं, तिसऱ्यांदा जमलं.

आधी एक गोष्ट सांगून टाकते. 2021 च्या दिवाळीत तू अंगणात दुर्बीण लावून सगळ्यांना शनी दाखवला होतास ना? माझी पाळी आली तेव्हा मला काहीच दिसलं नव्हतं. नुसता काळोख. तू विचारलंस, "दिसलं का आई?" मागे काकू उभी, तिच्यामागे पोट्ट्यांची रांग, चुलीवर चिवड्याचे पोहे. मी म्हटलं, "हो, कडंसुद्धा दिसलं." तू किती खूश झालीस! माझ्यानंतर काकूनंही "दिसलं" म्हटलं. तिनं तरी पाहिलं की माझ्यासारखंच, कोण जाणे. आता सांगाडा उघडल्यावर कळलं की चूक माझ्या डोळ्यांची नव्हती आणि तुझ्या हाताचीही नव्हती.

आता मुद्द्याचं. नॉबच्या आत एक छोटा आटे पाडलेला दांडा आहे, त्याला वर्म म्हणतात हे तूच मला सांगितलं होतंस. तो पितळी चाकाच्या दातांत बसतो. नॉब एक फेरा फिरला की चाक एक दात सरकतं. आपल्या चाकाला किती दात आहेत ते पुस्तकात सापडलं नाही, म्हणून मी कपड्यावर खुणा करायच्या खडूनं चाकावर रेघ मारली आणि रेघ परत जागेवर येईपर्यंत नॉबचे फेरे मोजले. 144 भरले. दोनदा मोजले, कारण पहिल्यांदा मध्येच ब्लाउज मागायला बाई आली. म्हणजे एका फेऱ्यात अडीच अंश. आभाळ तासाला 15 अंश सरकतं, चार मिनिटांना एक. तर नॉबचा एक फेरा म्हणजे आभाळाची दहा मिनिटं. हे ध्यानात ठेव, पुढे रांग लावताना लागेल.

ढिलेपणा तीन ठिकाणी असतो आणि तिन्ही ठिकाणची हालचाल हाताला सारखीच लागते, गफलत होते ती इथेच. सगळ्यात सोपं आधी बघायचं. नॉबपासून दांड्यापर्यंत जाणाऱ्या केबलच्या टोकाला जो बारका स्क्रू आहे तो दांड्याच्या चपट्या बाजूवरच बसला पाहिजे. आपला गोल बाजूवर बसवलेला होता, त्यामुळे केबल फिरायची आणि दांडा आपला जागेवर! निम्मा आजार तिथेच होता. माझ्या मशीनच्या हातचाकाचा स्क्रू सुटतो तेव्हा असंच होतं, चाक गरगर आणि सुई गप्प.

ते नीट केल्यावर मी सगळे लॉक आवळून नळीचं टोक दोन बोटांनी हलवलं आणि कान लावला. टक्, टक्. वर्मच्या दांड्यावर बोट ठेवलं तर तो आतबाहेर सरकत होता. म्हणजे दांडा आपल्याच घरात सैल. त्याच्या टोकाला एक बुच आहे आणि बुचावर चेकनट, बुच जागचं हलू नये म्हणून. चेकनट सोडायची, बुच हातानं टेकेपर्यंत आवळायचं, मग अगदी किंचित मागे घ्यायचं आणि बुच पान्ह्यानं धरून ठेवून चेकनट आवळायची. धरून नाही ठेवलं तर चेकनटसोबत बुचही फिरतं आणि सगळं जाम होतं. माझं पहिल्यांदा तसंच झालं.

तिसरी जागा नाजूक. वर्म आणि चाक यांच्यातलं अंतर. दांडा स्थिर आहे, तरी नळी हलते, तर दोष इथे. वर्मचं घर दोन बोल्टांनी बसवलेलं आहे आणि त्याला चाकाकडे ढकलणारे बारके, बिनडोक्याचे ग्रब स्क्रू आहेत, षटकोनी एलन कीनं फिरणारे. बोल्ट थोडे ढिले करायचे, काढायचे नाहीत. ग्रब स्क्रू अर्ध्या पाव आट्यानं आत घ्यायचा, बोल्ट आवळायचे, नॉब फिरवून बघायचा. परत अर्धा पाव. बॉबिन केसच्या स्क्रूचं मी तुला शिकवलं होतं ना, केसभर फिरला तरी टाका बदलतो? इथेही तोच हात हवा. हा स्क्रू पान्ह्याच्या जोरावर नाही, बोटांच्या अंदाजावर बसतो.

मी पहिल्या दिवशी भर उन्हात अंगणात बसून ढिलेपणा पार संपवून टाकला. नॉब लोण्यासारखा फिरत होता. रात्री बाहेर ठेवला आणि नऊच्या सुमारास हात लावला तर हलेना. थंडीत जुनं ग्रीस गोंदासारखं घट्ट झालं होतं आणि दातांना श्वास घ्यायला जागा नव्हती. म्हणून दुसऱ्या दिवशी ग्रीस काढलं. रॉकेल आता मिळतं कुठे? बाबांच्या गाडीतलं कपभर पेट्रोल घेतलं, चुलीपासून लांब गोठ्याच्या मागे बसले आणि जुन्या दातब्रशनं घासलं. काळं, चिकट, त्यात पितळेचा कीस. मग शहाणपणा केला आणि माझं मशीनचं तेल घातलं. दोन दिवसांत ते खाली ओघळलं, नळीच्या कड्याला लागलं आणि वर धूळ बसली. मशीनचं तेल मशीनलाच. शेवटी आर्वीहून पांढऱ्या लिथियम ग्रीसची ट्यूब आणली आणि भाकरीवर तूप लावतो त्याहून पातळ लावलं.

तरी एक गोष्ट छळत होती. नॉब काही ठिकाणी हलका, काही ठिकाणी जड. परत परत तोच. तेव्हा ध्यानात आलं की चाकच पुरतं गोल नाही. एका बाजूला दात वर्मच्या जवळ येतात, समोरच्या बाजूला लांब जातात. अशा वेळी नॉब पूर्ण चाकभर फिरवून सगळ्यात घट्ट जागा शोधायची, खडूनं खूण करायची आणि तिथेच अंतर बसवायचं. सैल जागेवर बसवशील तर घट्ट जागी अडकेल. सैल बाजूला थोडा प्ले राहतो, तो राहू द्यायचा. तुला हे पटणार नाही, तुला सगळं चोख लागतं. पण तो केसभर सैलपणा मी मुद्दाम ठेवला आहे, तू परत आवळू नकोस.

उरलेल्या प्लेवर उपाय आहे, स्क्रूचा नाही, वजनाचा. क्लच, म्हणजे नळी धरून ठेवणारे लॉक, सोडून नळी आणि वजन आधी बरोबर तोलायचं. मग पूर्वेच्या बाजूला जे असेल, नळी असो की वजनाचा गोळा, ती बाजू किंचित जड ठेवायची. मग चाकाचे दात वर्मच्या एकाच अंगाला टेकून राहतात आणि मधली फट जाणवत नाही. जू बैलाच्या मानेवर टेकलेलं असलं की बंडी हिसके देत नाही, तसं. आणि ग्रह मधोमध आणताना नेहमी एकाच दिशेनं आणायचा. पुढे निघून गेला तर मागे जरा जास्त यायचं आणि परत त्याच दिशेनं गाठायचं. उलट्या दिशेनं सरळ मागे ओढशील तर फट भरेपर्यंत काहीच हलणार नाही, आणि तू वैतागून जोरात फिरवशील. माझा 2021 चा शनी तसाच गेला असावा.

खालची उंचीची पट्टी मी बदललेली नाही. आपले अक्षांश 21 अंश, तुमच्या धारणीकडे साडेएकवीस. ध्रुव तितकाच खाली असतो, तुमच्याकडे तर टेकडीमागे लपेल. नाही दिसला तर सप्तर्षी आणि शर्मिष्ठेवरून अंदाज घे. शेंबड्या पोरांना ग्रह दाखवायला तेवढं पुरतं. मुख्य दांडा ध्रुवाकडे रोखला गेला की लांब केबलचा एकच नॉब फिरवावा लागतो, दुसऱ्याला क्वचितच हात लागतो.

10 मिलिमीटरची आयपीस, म्हणजे डोळा लावायचं भिंग, लावशील तेव्हा 90 पट दिसतं, पण आभाळाचा जेमतेम अर्ध्या अंशाचा तुकडा दिसतो. मधोमध ठेवलेला गुरू एका मिनिटात काठाला जातो. म्हणून दर दुसऱ्या पोरानंतर तू स्वतः डोळा लाव आणि नॉब अष्टमांश फेरा फिरव, सव्वा मिनिटाचं आभाळ भरून निघेल. आधी 25 ची आयपीस लाव, 36 पट, त्यात पोरांना वेळ मिळतो. आणि "दिसलं का?" असं विचारू नकोस गं. "काय दिसलं ते सांग" असं विचार. जे पोर गप्प राहील त्याला परत दाखव.

चाचणी मी गुरूवर घेतली. सध्या तो मिथुनेत आहे, रात्री दहाच्या सुमारास जवळजवळ डोक्यावर. मान मोडते, पण आभाळ तिथेच सगळ्यात स्वच्छ. लाइन गेलेलीच होती, म्हणजे अंधार आयता. पेंचला 2024 मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क केलं म्हणतात, अंधारं आभाळ जपायला. आपल्या फिडरवर तर महावितरण फुकटात करून देतं. गुरूच्या दोन पट्ट्या दिसल्या आणि शेजारी एका ओळीत त्याचे चंद्र. गॅलिलिओनं 1610 च्या जानेवारीत हेच पाहिले, आणि त्याच्या नळीला तर नॉबही नव्हता! बाबा जागलीहून चहाला आले होते, त्यांनाही दाखवले. बराच वेळ डोळा लावून होते. मग म्हणाले, "हे तं सरकूनच नाही राहिलं." मी नॉब फिरवत होते हे त्यांना कळलंच नाही. इतकं कौतुक माझ्या कुठल्याच शिलाईचं झालं नाही.

आणि शनीही पाहिला. दिवेलागणीनंतर पश्चिमेला, गोठ्याच्या छपराच्या वर. पण बघ नशीब, मार्च 2025 मध्ये पृथ्वी त्याच्या कड्याच्या पातळीतून गेली, त्यामुळे कडं अजून आडवंच आहे. मण्यात ओवलेली सुई, एवढंच. तेव्हा उघडं होतं तेव्हा मी खोटं बोलले, आता खरं बघायला गेले तर मिटलेलं. दर वर्षी थोडं थोडं उघडेल म्हणतात. पुढच्या दिवाळीला दुर्बीण घेऊनच ये.

मामा मंगळवारी सकाळच्या एसटीनं अमरावती करून परतवाड्याला येईल, तिथून तुझ्या गाडीची सोय तूच बघ. वजनाचा गोळा वेगळ्या पिशवीत आहे. नळीवर ठेवू नकोस. केबल काढून गुंडाळल्या आहेत, मोडणार नाहीत अशा. सोबत संत्री आहेत, ती दुर्बिणीच्या पेटीत ठेवू नकोस. रस लागला तर परत सगळं उघडावं लागेल.

जेवणाची हयगय करू नकोस. बाबांचा आशीर्वाद.

तुझी
आई

ता. क. एलन की जुन्या बॉबिनच्या डबीत आहेत. डबीत एक जादा ग्रब स्क्रूही आहे. तो कुठला ते विचारू नकोस, सगळं बसवून झाल्यावर उरला. दुर्बीण त्याच्याशिवाय नीट चालते आहे, पण टाकू नकोस.