आई पास, बाबा नापास

ती. आई-बाबा,

सा. न. वि. वि. (शाळेत पाठ केलेलं अजून लक्षात आहे बघा, पुढचं मात्र माझ्या पद्धतीने लिहितेय.)

फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर बाबा दुसऱ्याच मिनिटाला "बरं, ठेवू का" म्हणतात, आई जेवलीस का विचारते आणि मी "हो, सगळं ठीक" म्हणून मोकळी होते. वर्षभर हेच चाललंय. तर आधी वाईट बातमी. अकाउंट्सची नोकरी मी मागच्या वर्षीच सोडली. कोर्स करतेय म्हणाले होते ते खरं, पण "नोकरी सांभाळून" हे खोटं होतं. चांगली बातमी ही की तीन महिन्यांपूर्वी एका छोट्या कंपनीत वेब डेव्हलपर म्हणून लागले आणि काल प्रोबेशन संपून कन्फर्म झाल्याचं पत्र हातात पडलं, म्हणून आज धीर झाला. बाबा, रागवा, पण पूर्ण वाचून मग रागवा.

कुठून खूळ शिरलं डोक्यात, तर जुन्या ऑफिसात रजेचा हिशोब एका एक्सेल शीटमध्ये असायचा आणि ती शीट एकाने उघडली की बाकीच्यांना लॉक, रोजची भांडणं. मी व्हिडिओ बघून बघून एक साधं पान बनवलं, नाव टाका, तारीख टाका, झालं. दिसायला भयाण होतं ते. पण दुसऱ्या दिवशी समोरच्या टेबलावरची बाई माझ्या पानावर रजा टाकत होती, तिला माहीतही नव्हतं की ते मी केलंय, आणि मी नुसती तिच्याकडे बघत बसले. सात वर्षं व्हाउचर तपासून असं कधी झालं नव्हतं मला.

आता "वेबसाइट बनवते म्हणजे नक्की काय करते" हे बाबा विचारणारच. तुम्ही मोबाइलवर एखादं पान उघडता तेव्हा तुमचा ब्राउझर लांबच्या एका कॉम्प्युटरला, म्हणजे सर्व्हरला, निरोप पाठवतो की बाबा रे हे पान दे. तो जे पाठवतो तो खरं तर नुसता मजकूर असतो. एचटीएमएल सांगतं की हे शीर्षक, हा परिच्छेद, हे बटण, सीएसएस सांगतं ते दिसावं कसं, आणि बटण दाबल्यावर काय व्हावं ते जावास्क्रिप्टमध्ये लिहायचं. मी हे तिन्ही लिहिते. प्रिंटर दुरुस्त करत नाही, प्रिंटर मला अजूनही जमत नाही.

बाबा, तुम्हाला आवडेल अशी एक गोष्ट. हे वेब प्रकरण सुरू केलं टिम बर्नर्स-ली यांनी, सर्न नावाच्या संशोधन संस्थेत, १९८९ साली त्यांनी पहिला प्रस्ताव लिहिला. सुरुवातीला सगळं वेब त्यांच्याच एका कॉम्प्युटरवर चालायचं, म्हणून त्यांनी त्याच्यावर लाल शाईने लिहून कागद चिकटवला होता की हे मशीन सर्व्हर आहे, बंद करू नका. वाचलं आणि मला आपल्या स्विचबोर्डवरच्या तुमच्या चिठ्ठ्या आठवल्या. पुढे १९९३ मध्ये सर्नने ते तंत्रज्ञान सगळ्यांना फुकट वापरायला मोकळं करून टाकलं, म्हणून तर माझ्यासारखीला घरी बसून शिकता आलं.

शिकणं सोपं नव्हतं हो. एकदा बटणाचा रंग बदलत होते, बदलला, सेव्ह केलं, रंग तोच. परत बदलला, तोच. रात्रीचे दोन वाजले, रडायचीच बाकी होते, मग कळलं की ब्राउझर जुनीच कॉपी दाखवतोय, कॅशे म्हणतात त्याला, आणि माझा कोड पहिल्यापासून बरोबर होता. इंटरव्ह्यूंचं तर बोलूच नका. एका ठिकाणी "टेस्ट" म्हणून अख्खी साइट बनवून घेतली, चार दिवस लागले मला, आणि नंतर फोनच उचलेनात. एकाने तोंडावर विचारलं की एकतिसाव्या वर्षी फ्रेशर म्हणून कसं वाटतं. मी म्हणाले छान वाटतं. घरी येऊन काय वाटलं ते सोडा.

पण मला खरं सांगायचंय ते पुढेच आहे.

कामावर मला पहिलं नीट काम मिळालं ते एका फॉर्मचं. त्यातल्या नावाच्या रकान्यात फक्त इंग्रजी अक्षरं चालायची, क्लायंटला देवनागरीतलं नावही चालायला हवं होतं. मी एआयला विचारलं (हो, सगळेच विचारतात आता, मीही), त्याने एक ओळ दिली, तिचा अर्थ साधारण असा की जगातल्या कुठल्याही लिपीतलं अक्षर आत घे, बाकी नको. मला पटलं. मी रकान्यात "आई" टाइप करून बघितलं, गेलं बरोबर. काम झालं म्हणून कळवलं आणि संध्याकाळी ते लाइव्ह गेलं.

सकाळी तक्रारींचा ढीग. काही नावं जातायत, काही नाही. कमल जातंय, कमला नाही. मी तासन्तास कोड वरखाली करतेय, काही कळेना. शेवटी आमची सीनियर खुर्ची ओढून शेजारी बसली. म्हणाली, काल काय टाकून बघितलं होतंस? म्हटलं, आई. म्हणाली, आता बाबा टाक.

टाकलं. खाली लाल अक्षरांत आलं, "कृपया योग्य नाव टाका".

गंमत अशी आहे की कॉम्प्युटरसाठी प्रत्येक चिन्हाला एक नंबर ठरलेला असतो, त्या यादीला युनिकोड म्हणतात, त्यात देवनागरीसाठी १२८ जागांचा एक मुख्य गट आहे. आणि नुसता नंबर नाही, प्रत्येकाची जातही ठरलेली, हे अक्षर, हा आकडा, हे विरामचिन्ह. आ आणि ई ही अख्खी अक्षरं, म्हणून आई सरळ आत. पण काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार, पाय मोडायची खूण, यांना युनिकोड अक्षर मानतच नाही, ती अक्षराला लागणारी खूण. बाबा म्हणजे ब, काना, ब, काना. माझ्या फॉर्मने पहिल्याच कान्याला दार लावून घेतलं. दुरुस्ती केवढी, तर खुणाही चालतील एवढं सांगायचं, मोजून पाच चिन्हं टाइप केली. शोधायला अर्धा दिवस.

एआयवर ढकलता आलं असतं. सीनियरने मात्र एवढंच विचारलं की एकच शब्द का टाकून बघितलास, आणि त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. बाबा, तुम्ही मागे म्हणाला होतात ना की हे मशीनच सगळं लिहिणार तर माणसं कशाला ठेवतील. मला माहीत नाही, भीती मलाही वाटते. पण त्या दिवशी ओळ मशीनने लिहिली होती आणि लोकांना आपलं नाव टाकता आलं नाही त्याचा जाब माझ्याकडे मागितला गेला, आणि ते बरोबरच होतं.

त्यानंतर मी त्या फॉर्मसाठी टेस्ट लिहिल्या. म्हणजे कोणीही कोडमध्ये काही बदललं की कॉम्प्युटर आपोआप ठरलेली नावं रकान्यात टाकून बघतो आणि एक जरी अडकलं तरी बदल पुढे जाऊ देत नाही. त्या यादीत पहिली दोन नावं आई आणि बाबा आहेत.

बाबा, मागे तुमचा कुठलासा फॉर्म तीनदा परत आला आणि तुम्ही "आम्हाला नाही जमत आता हे" म्हणून मोबाइल ठेवून दिला होतात. तेव्हा मी पण वैतागून "नीट वाचा ना" म्हणाले होते. चूक बहुतेक फॉर्मची असणार. पुढच्या वेळी पान बंद करू नका, लाल अक्षरांत काय आलंय त्याचा आईच्या फोनने फोटो काढून पाठवा, तिरका आला तरी चालेल, मी बघते.

आणि आई, पासवर्ड डायरीच्या पहिल्याच पानावर लिहिलायस तो निदान आतल्या कुठल्या पानावर तरी हलव.

रविवारी फोन करते. रागवायचं असेल तर तेव्हा, पण दोन मिनिटांत ठेवू नका.

तुमची,
धाकटी